डोक्याला मार लागला की खेळ तिथेच थांबवा

कबड्डीला ना बॅट लागते, ना महागडे बूट. चुन्याच्या रेषा आखायला जागा मिळाली की खेळ सुरू होतो. म्हणून तर वस्त्यांमध्ये हा खेळ इतका रुजला. जयंतीच्या महिन्यात आणि एरवीही मंडळांच्या स्पर्धा होतात. मुलांबरोबर मुलीही मैदानात उतरतात. या खेळात मार लागणार, हे सगळ्यांनी धरलेलेच असते. गुडघा फुटतो, घोटा मुरगळतो, खांदा निखळतो. या दुखापती आपल्याला ओळखता येतात, कारण सूज दिसते, रक्त दिसते, खेळाडू लंगडतो.

पण एक दुखापत बाहेरून दिसत नाही. ती मेंदूला होते. खेळाडू पडतो, क्षणभर तसाच राहतो, मग उठून बसतो. कोणीतरी तोंडावर पाणी मारतो, पाठीवर थाप देतो आणि म्हणतो, ‘काही नाही झालं, चल.’ खेळाडूही मान हलवतो आणि पुढची चढाई करायला जातो. या अंकात आपण याच चुकीविषयी बोलणार आहोत, कारण ती जिवावर बेतू शकते आणि ती टाळायला एक पैसाही लागत नाही.

कन्कशन म्हणजे काय?

मेंदूला बसलेल्या या हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. मेंदू साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचा असतो आणि खूप मऊ असतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डब्यात पाणी घालून त्यात खरवसाची वडी ठेवली आणि डबा जोरात हलवला तर काय होईल? डब्याला काहीच होणार नाही, पण आतली वडी हेलकावे खाईल, पिळवटेल, भिंतीवर आपटेल. मेंदूचेही तसेच होते. कवटी शाबूत राहते, कातडीवर ओरखडाही नसतो, पण आतल्या पेशी ताणल्या जातात.

ताणलेल्या पेशींना पूर्ववत होण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त साखर आणि प्राणवायू लागतो. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा कमी झालेला असतो. म्हणजे घरात खर्च वाढलेला आणि मजुरी मात्र तुटलेली, अशी अवस्था. हा ताळमेळ बसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर मेंदू नाजूक असतो. या काळात पुन्हा मार बसला तर नुकसान कितीतरी जास्त होते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. कन्कशन होण्यासाठी डोक्यालाच मार लागला पाहिजे असे नाही. छातीवर किंवा पाठीवर जोरात धडक बसून मान झटकली गेली तरी आतला मेंदू हादरतो.

कबड्डीत हा मार कसा बसतो?

खेळणाऱ्यांना हे प्रसंग नवे नाहीत. कोपऱ्यावरचा रक्षक घोटा धरायला झेप घेतो आणि चढाईपटूचा गुडघा किंवा टाच त्याच्या डोक्यावर बसते. दोघे साखळी करून एकदम आत घुसतात आणि त्यांचीच डोकी एकमेकांवर आपटतात. चढाईपटूला धडक मारून बाहेर फेकले जाते आणि तो मैदानाबाहेरच्या दगडावर, खांबावर नाहीतर लाउडस्पीकरच्या पेटीवर जाऊन आदळतो. मांडी पकडून उचलून टाकले जाते आणि डोके मागच्या बाजूने जमिनीवर आपटते. चार-पाच जण अंगावर पडतात तेव्हा खालच्याचे डोके कुठे दाबले गेले हे कोणालाच दिसत नाही.

प्रो कबड्डीतले खेळाडू मॅटवर खेळतात. आपली मुले बहुतेक वेळा कडक मुरमाच्या जमिनीवर, कधी तर सिमेंटच्या चौकात खेळतात. मार तोच असला तरी जमीन कडक असली की हादरा जास्त बसतो.

आपल्यातले काही गैरसमज

आरोग्याच्या बैठकींमध्ये आम्हाला हीच वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात.

‘बेशुद्ध कुठे झाला होता?’ कन्कशन झालेल्या खेळाडूंपैकी फार थोडे बेशुद्ध होतात. साधारण दहातले नऊ जण शुद्धीवरच असतात. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही, असा अर्थ काढू नये.

‘टेंगूळ आलं, म्हणजे मार बाहेर निघाला.’ टेंगूळ कातडीखाली येते. त्यावरून आत काय झाले हे कळत नाही. टेंगूळ नसतानाही मेंदूला हादरा बसलेला असू शकतो.

‘सीटी स्कॅन चांगला आला, आता खेळू दे.’ सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीची मोड दिसते. कन्कशन त्यात दिसत नाही. स्कॅन चांगला आला याचा अर्थ जिवाला तातडीचा धोका दिसला नाही, एवढाच. विश्रांती तरीही लागतेच.

‘प्यायला असेल.’ अडखळत बोलणारा, तोल जाणारा खेळाडू दिसला की संध्याकाळच्या सामन्यात हा शेरा हमखास ऐकू येतो. मेंदूला मार लागलेला माणूसही अगदी असाच दिसतो. डोक्याला मार लागला असेल तर आधी दुखापत धरावी, दारूचा विचार नंतर.

‘हेल्मेट घातलं की झालं.’ क्रिकेटमध्ये किंवा मोटारसायकलवर हेल्मेट हवेच, कारण ते कवटी वाचवते. पण आतला मेंदू हलायचा थांबत नाही. हेल्मेट असूनही कन्कशन होऊ शकते.

मैदानावर कसे ओळखावे?

मार लागल्यावर खेळाडूकडे नीट बघा. तो पडल्यावर हलत नाही किंवा उठायला फार वेळ लावतो. उठताना तोल जातो, पाय लटपटतात. दोन्ही हातांनी डोके धरतो. नजर शून्यात लागते. चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देतो किंवा तेच तेच विचारत राहतो. यातले एक जरी दिसले तरी त्याला बाहेर काढावे.

मग त्याला विचारा. डोके दुखते का, जड वाटते का? चक्कर येते का? मळमळते का? डोळ्यांपुढे अंधूक दिसते का? दिव्यांचा किंवा लाउडस्पीकरचा त्रास होतो का? मान दुखते का? डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते का? काही मुले उगाच रडू लागतात किंवा चिडतात. तेही लक्षणच आहे.

खेळाच्या मैदानावर जगभर पाच साधे प्रश्न विचारले जातात. कबड्डीसाठी ते असे विचारता येतील:

१. आज आपण कुठल्या मैदानावर खेळतो आहोत?
२. आता पहिला डाव चालू आहे की दुसरा?
३. शेवटचा गुण कोणी घेतला?
४. याआधीचा सामना कोणाशी झाला?
५. तो आपण जिंकला की हरलो?

एकाही प्रश्नाचे उत्तर चुकले तर कन्कशन धरून चालावे. पण पाचही उत्तरे बरोबर आली म्हणून खेळाडूला परत उतरवू नये. डोके दुखते आहे, चक्कर येते आहे, तर उत्तरे बरोबर असूनही तो बाहेरच बसेल. आणखी एक, लक्षणे कधी लगेच न दिसता काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ या शब्दावर त्याच दिवशी पुन्हा खेळवायचे नाही. संशय असला तरी बाहेर, हाच नियम.

ही लक्षणे दिसली तर वाट बघू नका

पुढीलपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे.

- शुद्ध हरपणे, किंवा गुंगी वाढत जाणे, हाक मारल्यावर नीट न जागणे
- पुन्हा पुन्हा उलटी होणे
- डोकेदुखी वाढतच जाणे
- फिट येणे
- हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा, ताकद न लागणे
- एकाचे दोन दिसणे, किंवा दिसेनासे होणे
- गोंधळ वाढणे, माणसे न ओळखणे, विचित्र वागणे
- मान खूप दुखणे
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे
- एका डोळ्याची बाहुली मोठी आणि दुसरी लहान दिसणे

दिवस असो वा रात्र, मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. तिथे खरे सांगावे: कबड्डी खेळताना किती वाजता, कसा मार लागला, शुद्ध गेली होती का, किती उलट्या झाल्या. पोलिसांत नोंद होईल या भीतीने काही जण ‘घरात पडला’ असे सांगतात. डोक्याच्या मारात रुग्णालय कधीकधी तशी नोंद करते, ती कागदाची पद्धत आहे. खोटी माहिती दिली तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो आणि नुकसान आपल्याच मुलाचे होते.

मैदानात काय करावे, काय करू नये

खेळ थांबवावा. गर्दी मागे हटवावी. खेळाडू बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल तर त्याला हलवू नये. हातपाय धरून ओढत बाहेर नेण्याची आपल्याकडे सवय आहे. मानेच्या मणक्याला इजा झालेली असेल तर या ओढण्याने कायमचा लुळेपणा येऊ शकतो. सामना पाच मिनिटे थांबला तरी काही बिघडत नाही. एकाने डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरून बसावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसेच राहावे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर तिघाचौघांनी मिळून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि फिट थांबली की कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल तर ज्याला येते त्याने छाती दाबायला लगेच सुरुवात करावी.

खेळाडू शुद्धीवर आहे, चालू शकतो, तरी त्याला एकटे सोडू नये. त्याने स्वतः गाडी चालवत घरी जायचे नाही. त्याच्याबरोबर मंडळाचा एक जण घरापर्यंत जाईल आणि आईवडिलांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला तोंडी सांगेल. ‘उगाच घरचे घाबरतील’ म्हणून लपवायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रमण लांबा यांच्या बाबतीत काय झाले?

भारताकडून खेळलेले फलंदाज रमण लांबा १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात एका क्लबकडून क्रिकेट खेळत होते. फलंदाजाच्या अगदी जवळ ते क्षेत्ररक्षणाला उभे राहिले. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते म्हणून त्यांनी हेल्मेट घातले नाही. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. ते उठले आणि स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. पाहणाऱ्यांना वाटले, फार काही नाही. थोड्या वेळाने त्यांची तब्येत बिघडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांनी २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय अवघे ३८.

स्वतःच्या पायांनी चालत गेलेला, बोललेला माणूस नंतर कोसळू शकतो, हे यातून कळते. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते. सुरुवातीला माणूस बरा दिसतो, मग रक्ताचा दाब मेंदूवर वाढत जातो. म्हणून मार लागल्यानंतरचे पहिले काही तास आणि पहिली रात्र महत्त्वाची.

घरी पहिले दोन दिवस

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले, की काळजी घरच्यांच्या हातात येते. पहिले २४ तास त्याच्याजवळ कोणीतरी असावे. वर दिलेली धोक्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावीत. त्यातले एक जरी दिसले तरी पुन्हा रुग्णालय गाठावे, ‘आत्ताच तर दाखवून आणलं’ असे म्हणू नये.

‘डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही’ हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांनी तपासल्यानंतर झोप घेतलेली चांगली. झोपेनेच मेंदू सावरतो. मात्र श्वास नेहमीसारखा चालू आहे ना, हे रात्री बघत राहावे. डॉक्टरांनी रात्री उठवून बघायला सांगितले असेल तर तसे करावे. हाक मारल्यावर तो जागा होऊन नीट बोलला पाहिजे.

दुखण्यासाठी मेडिकलमधून मनाने गोळी आणू नये. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते. पॅरासिटामॉल चालते, पण तेही डॉक्टरांना विचारून. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. कोणाला रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर छोट्या मारानंतरही लगेच रुग्णालयात जावे. डोक्याला तेल रगडणे, मान मोडणे, हे प्रकार करू नयेत.

पहिले एक ते दोन दिवस विश्रांती. याचा अर्थ अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहणे नव्हे. तशा विश्रांतीने फायदा होत नाही, उलट बरे व्हायला उशीर लागतो. घरात हळू चालावे, हलके काम करावे, पुरेसे पाणी प्यावे, वेळेवर जेवावे. पहिले दोन दिवस मोबाईल आणि टीव्ही शक्य तितका कमी. एका खोलीचे घर, बाहेर लाउडस्पीकर, आत टीव्ही, अशा ठिकाणी शांतता मिळणे सोपे नसते हे आम्हाला माहीत आहे. म्हणून शेजाऱ्यांना सांगा. दोन दिवस आवाज कमी ठेवा म्हटले तर वस्तीतली माणसे ऐकतात.

शाळा आणि मजुरी

बहुतेक मोठी माणसे दहा ते चौदा दिवसांत बरी होतात. लहान मुलांना आणि किशोरवयीनांना चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याहून जास्त काळ त्रास राहिला तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

या काळात अभ्यासात लक्ष लागत नाही, वाचलेले आठवत नाही, फळ्यावरचे वाचताना डोके दुखते. ‘अभ्यास टाळतोय’ म्हणून मुलाला मारू नका. शिक्षकांना भेटून सांगा. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मधे थोडी विश्रांती, गृहपाठ कमी, आणि चाचणी असेल तर जास्त वेळ मागावा. दहावी-बारावीच्या वर्षी तर हे आधीच सांगून ठेवावे. आधी शाळा पूर्ववत, मगच खेळ, हा क्रम कधी उलटा करू नये.

कमावत्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. कोणी सेंट्रिंगवर जातो, कोणी परांचीवर चढून रंगकाम करतो, कोणी दुचाकीवरून सामान पोहोचवतो, कोणी रिक्षा चालवतो. चक्कर येत असताना शिडीवर चढणे किंवा गाडी चालवणे म्हणजे दुसरा अपघात ओढवून घेणे. मजुरी बुडते हे खरे आहे. म्हणून मुकादमाला सांगून काही दिवस जमिनीवरचे हलके काम मागावे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनीही विचार करावा. बक्षिसांच्या आणि ट्रॉफीच्या खर्चातून थोडी रक्कम जखमी खेळाडूच्या औषधासाठी आणि बुडालेल्या रोजासाठी बाजूला ठेवता येते.

पुन्हा मैदानात: सहा पायऱ्या

खेळात परत येताना एकदम उडी मारायची नाही. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास थांबायचे. त्रास वाढला तर थांबून मागच्या पायरीवर यायचे.

पहिली पायरी: घरातली रोजची कामे, चालणे, थोडा अभ्यास.

दुसरी पायरी: भरभर चालणे, मग हलके धावणे. जड वजन उचलायचे नाही.

तिसरी पायरी: एकट्याने सराव. पायांची हालचाल, दिशा बदलून धावणे, निदान रेषेपर्यंत जाऊन परत येणे. अंगाला कोणी हात लावायचा नाही.

चौथी पायरी: संघाबरोबर सराव, पण पकड नाही, धडक नाही. जागा घेणे, नुसता हात लावून परतणे. या पायरीवर येण्याआधी सगळी लक्षणे पूर्ण गेलेली असावीत आणि शाळा किंवा काम पूर्ववत सुरू झालेले असावे.

पाचवी पायरी: डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर पकडीसह पूर्ण सराव.

सहावी पायरी: सामना.

ब्रिटनमध्ये २०२३ साली स्थानिक पातळीवरच्या सर्व खेळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत सांगितले आहे की मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही, आणि लक्षणे जाऊन १४ दिवस झाल्याशिवाय अंगाला अंग भिडणारा सराव करायचा नाही. जिथे संघाबरोबर डॉक्टर नसतो तिथे हा नियम पाळायला सोपा. आपल्या मंडळांनीही ‘तीन आठवडे’ हा आकडा पाठ करावा.

दुसरा मार का जीव घेतो?

कॅनडातल्या ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कप्तान होती. २०१३ च्या मे महिन्यात काही दिवसांच्या अंतराने तिला सामन्यांत डोक्याला मार बसले. तिला शंका आली होती. तिने मोबाईलवर कन्कशनची माहितीही शोधली. पण ती खेळत राहिली. पुढच्या मारानंतर ती कोसळली आणि काही दिवसांनी गेली. पहिल्या मारातून मेंदू सावरला नसताना दुसरा बसला की मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते बहुतेक कोवळ्या वयाच्या खेळाडूंमध्ये, आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही. रोवनच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ साली ओन्टारिओ प्रांतात तिच्या नावाचा कायदा झाला. संशय असलेल्या खेळाडूला बाहेर काढणे तिथे आता बंधनकारक आहे.

जीव गेला नाही तरी वारंवार बसलेले मार साचत जातात. १९२८ सालीच हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांविषयी लिहिले होते की वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्यांची चाल आणि बोलणे बिघडते, विचारशक्ती मंदावते.

खेळाडू का लपवतात?

याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिल्हा, राज्य पातळीचे प्रमाणपत्र म्हणजे अनेक मुलांसाठी घर वर येण्याची एकमेव वाट असते. निवड चाचणीच्या दिवशी ‘मला गरगरतंय’ असे म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. मुलींना वेगळी भीती असते: घरी कळले तर खेळच बंद होईल. तारुण्यातल्या मुलांना भित्रा म्हणवून घ्यायचे नसते.

म्हणून बोलण्याची सुरुवात मोठ्यांनी करावी. प्रशिक्षकाने सामन्याआधीच सांगावे, ‘डोक्याला लागलं तर मला सांगायचं. संघातली जागा जाणार नाही.’ आणि तो शब्द पाळावा. आईवडिलांनी मुलीला सांगावे, ‘लागलं तर सांग बाळा. बरी झालीस की परत खेळशील.’ सोबत्यांनीही गप्प बसू नये. खेळाडूला स्वतःचे कळत नसते, पण शेजारी उभ्या असलेल्या कोपरारक्षकाला कळते की आपला दादा आज भलतेच बोलतो आहे. त्याने पंचांना सांगणे म्हणजे चुगली नव्हे.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. लॉर्ड्सच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला तो याच नियमाने. कबड्डीत तर राखीव खेळाडूंची सोय आधीपासूनच आहे. सातातला एक बाहेर गेला तरी बदली तयार असतो. मग जखमीला खेळवायचे कशासाठी?

मंडळाने आणि संघाने काय करावे?

१. मैदान आधी झाडून, खडे वेचून घ्यावे. सिमेंटवर स्पर्धा घेऊ नये. मॅट परवडत नसेल तर माती खणून, चाळून, पाणी मारून मऊ करावी.

२. रेषांच्या बाहेर चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवावी. खांब, लाउडस्पीकर, खुर्च्या, ट्रॉफीचे टेबल आणि प्रेक्षक लांब. हलवता न येणाऱ्या खांबाला जुनी गादी बांधावी.

३. वय आणि वजनाचे गट पाळावेत. चौदा वर्षांच्या मुलासमोर तीस वर्षांचा गडी उभा करू नये.

४. गळा दाबणे, तोंड दाबणे, पायांची कात्री मारणे नियमाने बंद आहे. पंचांनी सुरुवातीपासूनच कडक राहावे.

५. सामन्याआधी पंधरा मिनिटे अंग मोकळे करावे. मान, खांदे आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम आठवडाभर असावा. मान मजबूत असली की डोके कमी झटकते.

६. पकड शिकवताना डोके खाली घालून घुसायला शिकवू नये. नजर वर, डोके चढाईपटूच्या गुडघ्याच्या रेषेबाहेर, ही सवय लहानपणीच लावावी. साखळीत कोणाचे डोके कोणत्या बाजूला, हे आधी ठरवावे.

७. एका माणसाला फक्त आरोग्याची जबाबदारी द्यावी. तो कोणत्याच संघाचा नसावा. त्याने ‘बाहेर’ म्हटले की कप्तान, प्रशिक्षक, प्रमुख पाहुणे, कोणाचेही चालणार नाही. वस्तीतल्या आशाताई किंवा परिचारिका असलेल्या ताईंना ही विनंती करता येईल.

८. जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि १०८ हा आकडा फलकावर लिहावा. रुग्णवाहिका आत येईल इतकी गल्ली मोकळी ठेवावी.

या आठ गोष्टींपैकी बहुतेकांना पैसे लागत नाहीत. पुढच्या स्पर्धेच्या बैठकीत बक्षिसांच्या आधी यावर अर्धा तास बोला. हे पान कापून सूचना फलकावर लावा, आणि पाच प्रश्न व धोक्याची लक्षणे संघातल्या लहानातल्या लहान खेळाडूकडून पाठ करून घ्या. पोरांना खेळू द्या, भरपूर खेळू द्या. फक्त डोक्याला लागले की त्या दिवसाचा खेळ संपला, एवढे सगळ्यांनी मिळून ठरवा.